पांढऱ्या दोऱ्याच्या पुड्या

३ फेब्रुवारी

धाकटे,

आधी खाली बस, मग वाच. वाचून झालं की पत्राचे बारीक तुकडे कर. फोन का केला नाही म्हणशील, तर फोन पोराच्या खोलीत आहे आणि सूनबाईचे कान भिंतीला आहेत. तिला कळलं की पोराला कळणार, आणि पोराला कळलं की तो लगेच पोलिसांपर्यंत विचार नेणार.

डोळ्याची पट्टी सोमवारी निघाली. सगळे म्हणाले, आता बघा कसं लख्ख दिसेल. दिसलं. म्हणूनच हे पत्र. माझं अक्षर आधीच सातवीपर्यंतचं, त्यात आज ओळीवरून घसरतंय, तेवढं सांभाळून घे.

काल खाली दुकानात गेलो. रिकामं दुकान बघवत नाही, पण उरलेली खोकी आवरायची होती. दोऱ्याचं खोकं उघडलं तर त्यात पिवळं रीळ. कोरं. वरचा कागदसुद्धा फाडलेला नाही. मी म्हटलं, हे इथे कसं? हे तर डाव्या खिळ्याला असायला हवं. वर बघितलं. उजव्या खिळ्याला पांढरं रीळ, डाव्या खिळ्यालाही पांढरंच.

तुला आपली रीत ठाऊक आहे. कागद एकच, घडी एकच, पुडीवर नाव लिहायची आपल्याकडे कधी पद्धत नव्हती. खायच्या जिनसेला पांढरा दोरा, उंदराच्या पुडीला पिवळा. बाबांनी घालून दिलेलं. गल्लीतली पोरं मुळाक्षरांच्या आधी हे शिकायची. पांढरा स्वयंपाकघरात, पिवळा माळ्यावर. पन्नास वर्षांत कुणी पुडी उघडून विचारलं नाही की दादा, यात काय आहे.

तुझी वहिनी गेली त्याच्या पुढच्या महिन्यात डाव्या खिळ्यावरचं रीळ संपलं होतं. नवीन मीच लावलं. मोतीबिंदूमुळे तेव्हा मला पांढरं काय नि पिवळं काय, सगळं जुन्या वर्तमानपत्रासारखं दिसायचं. पण ते कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर दुकान तेव्हाच बंद करायला लावलं असतं.

म्हणजे तेव्हापासून उंदराच्या पुड्यांनाही मी पांढराच दोरा बांधत आलो. ती पूड दिसायला पिठीसाखरेसारखी. वास नाही.

आधीच्या खेपा मागणाऱ्यांनीच नेऊन संपवल्या; शेवटच्या खेपेला दहा बांधून फळीच्या डाव्या टोकाला वेगळ्या ठेवल्या होत्या. डबाच दहा पुड्यांचा येतो, त्यामुळे आकड्यात चूक नाही. चार मागून नेल्या, त्यांना माहीत होतं काय नेतोय ते. उरल्या सहा. आणि दुकान बंद केलं त्या दिवशी पोरानं सगळी फळी एका टोपलीत उपडी केली आणि टोपली पायरीवर ठेवली, की ज्याला जे हवं ते आठवण म्हणून न्या. मी आतून ओरडलो होतो, "पिवळ्या दोऱ्याच्या तेवढ्या काढून घे रे!" त्यानं टोपली चाळली आणि म्हणाला, "बाबा, पिवळी एकही नाही."

मला बरं वाटलं, धाकटे. म्हटलं, चला, सगळ्या खपल्या.

तूही त्या दिवशी आली होतीस. तुझ्या पिशवीत मी स्वतःच्या हातानं दोन पुड्या टाकल्या. त्या उघडू नकोस. हे पत्र पोचेपर्यंत उघडू नकोस असं म्हणायला हवं होतं, पण ते कसं म्हणणार. काय करू ते कळव. लवकर.

दादा

*

७ फेब्रुवारी

दादा,

तुझं पत्र आलं. तुकडे केलेले नाहीत, कारण तुझी पत्रं फाडायला लागले तर माझ्या हाताला दुसरं काम उरणार नाही. गेल्या वर्षी पंखा डोक्यावर पडणार म्हणून आठ महिने खाट दारात ओढून झोपलास. त्याच्या आधी गॅसची नळी. डॉक्टर म्हणाले ते खरंच आहे, तुझ्या डोळ्यातलं काढलं, डोक्यातलं राहिलं.

माझ्या दोन्ही पुड्या फडताळात जशाच्या तशा आहेत. मी हात लावलेला नाही. माझी काळजी करू नकोस. नातही मजेत आहे, आज शाळेतून येताना चप्पल हरवून आली.

पण बाकीच्यांचं काय ते बघ. तुझं म्हणणं निम्मं जरी खरं असलं तरी हे घरात बसून पत्रं लिहायचं काम नाही. दारोदार जा आणि सरळ सांग. "चूक झाली, पुडी परत द्या." सात शब्दसुद्धा लागत नाहीत. ती माणसं पन्नास वर्षं तुझ्या दुकानात आली आहेत. घराला कुलूप लावून किल्ली तुझ्या खिळ्याला अडकवून गावाला जायची. ती काय तुला खाणार आहेत?

आणि पोराला सांग. तो तुझा मुलगा आहे, फौजदार नव्हे.

आजच निघ.

धाकटी

*

१२ फेब्रुवारी

धाकटे,

गेलो होतो. सांगितलं मात्र नाही. रागावू नकोस, आधी ऐक.

पहिल्यांदा शिंपीणबाईंकडे गेलो. मशीन थांबवून उठल्या, मला खुर्ची दिली, स्वतः कापडाच्या गठ्ठ्यावर बसल्या. मी म्हटलं, "बाई, त्या दिवशी टोपलीतून काही नेलं होतंत का?" तेवढ्यात त्यांचे डोळे भरून आले. "दादा, तुम्हालाही करमत नाही ना?" म्हणाल्या. "मला तर त्या नव्या मोठ्या दुकानात गेलं की चुकल्यासारखं होतं. बोलायला कुणी नाही. सामान घ्यायचं, यंत्रासमोर धरायचं, यंत्र टुक करणार. तुमच्याकडे सुई आणायला आले तरी घरी जाईस्तोवर तीन घरच्या बातम्या कळायच्या."

मी म्हटलं, "हो, करमत नाही. म्हणून म्हटलं, एखादी पुडी परत मिळाली तर माझ्याकडेही आठवण राहील." खोटं बोललो. त्यांनी तीन पुड्या आणून हातात ठेवल्या, आणि वर माझ्याच हाताचं वजन कसं झुकतं असायचं त्याची गोष्ट सांगितली.

तिथून बँडमास्तरकडे. तो तुतारीचं तोंड पुसत बसला होता. म्हणाला, "काका, पुडी देणार नाही. मागू नका. बायकोनं आरशासमोर ठेवलीय." मी म्हटलं, "अरे, पण ती खराब होईल." तर म्हणतो, "साखर कुठे खराब होते? आम्हाला खायची थोडीच आहे? पोरीचं बाळ पहिल्यांदा घरी येईल ना, तेव्हा उघडायची. आमच्या घरात पहिलं गोड बोट तुमच्याच दुकानाच्या साखरेचं, पोरीच्या वेळी, पोराच्या वेळी. आता नातवाच्या वेळी मोठ्या दुकानातलं चालेल होय?"

मी विचारलं, "बाळ कधी येतंय?" म्हणाला, "महिनाअखेरीस." मला घाम फुटला. त्याला वाटलं मी हळवा झालो. पाणी दिलं, पंखा लावला, पाठीवर हात फिरवला. बायकोला हाक मारून म्हणाला, "बघ गं, काका किती जीव लावतात!" तिथे सांगायला हवं होतं. तोंड उघडलंसुद्धा. पण बायको आरशासमोरची पुडी हातात घेऊन ती डोळ्यांना लावायला लागली, आणि मी चपला पायात सरकवून बाहेर पडलो.

अशी नऊ घरं झाली. प्रत्येक घरात चहा. प्रत्येक घरात माझ्या दुकानाची गोष्ट. पायरीवरच्या गप्पा, काचेच्या बरण्या, दारावरची घंटा. एका घरात तर मला न सुचलेली माझीच एक फार चांगली गोष्ट ऐकवली. सगळ्यांना वाटतं म्हातारा जुन्या आठवणी गोळा करत फिरतोय. चांगलं वाटून काही जणांनी पुड्या दिल्या, चांगलं वाटूनच बाकीच्यांनी दिल्या नाहीत. मिळाल्या तेरा. त्यातल्या साखरेच्या कुठल्या आणि त्या कुठल्या, हे मला सांगता येत नाही. रंग सारखा. हाताला सारखी. चाखायची छाती नाही.

नर्सबाईंच्या घरावरून मात्र मान खाली घालून पुढे गेलो. त्याला कारण आहे. गेल्या वर्षी उंदराचं औषध न्यायला आल्या तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "दादा, याला पांढरा दोरा?" मी त्यांना झापलं होतं. म्हटलं होतं, "बाई, तुमचे डोळे तपासून घ्या, मला शिकवू नका." त्या हसून निघून गेल्या होत्या. त्यांना समोर बघितलं तर त्यांना सगळं आठवेल.

गल्लीत कुणी खोकलं तरी वाटतं, झालं.

दादा

*

१६ फेब्रुवारी

दादा,

मी खोटं लिहिलं होतं.

पुड्या फडताळात नव्हत्या. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा एक पुडी ओट्यावर उघडी होती. तीन दिवस नात त्यातली साखर दुधात घालून पीत होती, आणि पत्र आलं त्या वेळी ती समोर बसून पेला चाटत होती. मी तुझं पत्र उभ्यानंच वाचलं होतं. मग खाली बसले. तिला काही विचारलं नाही, नुसतं तिच्या तोंडाकडे बघत राहिले. ती म्हणाली, "आजी, अशी का बघतेस? मी काय केलं?" तिला घेऊन डॉक्टरकडे गेले. त्यांनी तपासलं, काही नाही म्हणाले. ती पुडी साखरेचीच होती.

एवढं सगळं झाल्यावर तुला ते पत्र लिहिलं. तू घाबरून हातपाय गाळशील म्हणून थट्टा केली. थट्टेनं तू घराबाहेर पडशील असं वाटलं. पडलास, पण भलतंच करून आलास.

आता नीट वाच. तुझं हे पत्र आल्यावर दुसरी पुडी मी काल डॉक्टरांकडे नेऊन त्यांच्यासमोर उघडली. त्यांनी पेल्यात पाणी घेतलं आणि चिमूटभर त्यात टाकून ढवळलं. पहिल्या पुडीतली साखर विरघळून गेली होती. ही विरघळली नाही. पाणी दुधट झालं आणि तळाशी थर बसला. डॉक्टरांनी वास घेतला नाही, हात लावला नाही, ती पुडी एका डब्यात बंद करून स्वतःकडे ठेवून घेतली. म्हणाले, "बाई, ही कुठून आणली?" मी म्हटलं, "भावाच्या दुकानातून." हे वाक्य म्हणताना मला कसं वाटलं ते तुला सांगणार नाही.

म्हणजे तुझ्या डोक्यातलं नाही, खरं आहे. सहांपैकी एक माझ्या घरात होती. पाच तुझ्या गल्लीत आहेत. त्यांतली एक कदाचित त्या आरशासमोर.

तुझ्याकडच्या तेराही पुड्या पाण्यात टाकून बघ. चाखू नकोस. मग जा आणि सांग. आठवण-बिठवण म्हणून नको. विष म्हण. तो शब्द उच्चार. तुझं नाव जाईल, जाऊ दे. पोराला मी आज फोन केला आहे, त्याला सगळं माहीत आहे. तो तुझ्यावर ओरडला नाही, माझ्यावर ओरडला, की इतके दिवस का लपवलंत. आणि मग फोनवरच रडला. टोपली त्यानं चाळली होती ना.

पोलिसांच्या चौकशीची वाट बघू नकोस.

धाकटी

*

२२ फेब्रुवारी

धाकटे,

तुझं पत्र नंतर आलं; तुझा फोन ठेवला तसा पोर माझ्या दारात येऊन उभा राहिला. दोन बादल्या भरून आणल्या आणि काचेचे पेले मांडले. तेरापैकी एक तळाशी बसली. शिंपीणबाईंच्या तीन पुड्यांतली होती. त्या दिवशी तीच पुडी घेऊन मी त्यांच्या हातचा चहा पिऊन आलो होतो.

एकेक दार करायला वेळ नव्हता. पोर म्हणाला, "बाबा, सगळी गल्ली आता कुठे जाते?" मोठ्या दुकानात. ज्या दुकानाच्या नावानं मी वर्षभर बोटं मोडली तिथे त्याचा हात धरून गेलो. आत इतका उजेड की नवे डोळे दुखायला लागले. तिथली बाई गणवेशातली, पोरीच्या वयाची. म्हणाली, "आजोबा, अशी घोषणा आम्ही करत नाही. गिऱ्हाईक घाबरेल." मी म्हटलं, "घाबरायलाच पाहिजे. मी पंधरा-वीस दिवस एकटाच घाबरतोय." मग तिनं तो बोलायचा दांडा माझ्याच हातात दिला. म्हणाली, "तुमचा आवाज ओळखतील."

मी बोललो. काय बोललो ते नीट आठवत नाही. "मी कोपऱ्यावरच्या दुकानाचा दादा," एवढं आठवतं. "पांढऱ्या दोऱ्याची कुठलीही पुडी घरात असेल तर उघडू नका, काहींत विष आहे, चूक माझी आहे, आत्ता माझ्या पायरीवर घेऊन या." साबणाच्या फळीपाशी एक बाई होती, तिच्या हातातली टोपली खाली पडली.

घरी येईपर्यंत पायरीसमोर रांग होती. दुकान चालत होतं तेव्हाही इतकी रांग कधी लागली नव्हती. पण कुणी हाक मारली नाही. पोर पेले भरत होता, मी चिमूट टाकत होतो, सगळे पेल्याकडे बघत होते. विरघळली की माणूस श्वास सोडायचा आणि न बोलता जायचा. पहिली तळाशी बसली ती तीन लेकरांच्या आईची. तिनं पेला बघितला, मग मला बघितलं. म्हणाली, "पोरं रोज मागत होती. मी म्हणत होते, दादांची आहे, जपून वापरू." एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

नर्सबाई आल्या. त्यांच्याकडे पुडी नव्हतीच. फक्त समोर उभ्या राहिल्या. "मी विचारलं होतं तुम्हाला," म्हणाल्या. मी म्हटलं, "हो बाई." त्यांनी बादलीत हात घातला आणि संध्याकाळ होईस्तोवर पोराबरोबर पेले धुतले.

बँडमास्तर सगळ्यात शेवटी आला. पुडी रुमालात गुंडाळलेली. टाकली, ढवळली. तळाशी बसली. तो खाली मांडीच घालून बसला, भर रस्त्यात. त्याची बायको त्याला उठवत होती आणि माझ्याकडे बघत नव्हती. महिनाअखेर जवळ आली आहे.

तुझी एक, शिंपीणबाईंची एक, त्या आईची एक, बँडमास्तरची एक, आणि गल्लीच्या टोकाच्या घरातून आलेली एक. पाच झाल्या. सहावी आलेली नाही.

पोर सगळीकडे फिरला. कुणी म्हणतं टाकून दिली, कुणी म्हणतं नेलीच नव्हती. मला एक चेहरा आठवतो. समोरच्या माडीवर एकटे राहणारे निवृत्त हेडमास्तर. टोपलीवर त्यांचा हात मी बघितला आहे, पण तेव्हाच्या डोळ्यांनी बघितला, त्यामुळे शपथेवर सांगता येत नाही. पोर विचारायला गेला तर म्हणाले, "मी फुकटच्या वस्तूला हात लावत नाही." दार लावून घेतलं.

आता रोज सकाळी मी पायरीवर बसतो. येणारे-जाणारे बघतो. शिंपीणबाई रस्ता ओलांडून पलीकडून जातात. मुलांना आया हाताला धरून भराभर नेतात. पूर्वी हीच पोरं पायरीवर उड्या मारायची. कुणी बघत नाही माझ्याकडे, पण चालत जातात, एवढं मला पुरतं. मी मोजतो. नवी माणसं म्हणतात, म्हाताऱ्याला दुकान सुटत नाही.

हेडमास्तर नऊ वाजता वाचनालयात जातात. आज साडेनऊ झाले. हे पत्र पायरीवर बसूनच लिहितोय. पावणेदहा झाले. खिडकी बंद आहे. पोर कामावर गेला. जरा थांब.

जाऊन आलो. जिना उंच आहे, गुडघ्यांनी दोनदा बसायला लावलं. दार वाजवलं, उत्तर नाही. पुन्हा वाजवलं. माझ्या छातीचा ठोका मला त्या लाकडात ऐकू यायला लागला. हाका मारल्या. "मास्तर! ओ मास्तर!" शेजारचं एक दार उघडलं, मला बघून परत बंद झालं.

मग आतून कडी निघाली. समोर हेडमास्तर, तोंडाला दाढीचा साबण, हातात वस्तरा. "काय आहे?" मी म्हटलं, "मास्तर, बरे आहात ना?" म्हणाले, "बरा होतो. तुम्ही येईपर्यंत." मी म्हटलं, "पुडी असेल तर द्या. हात जोडतो. घेतली म्हणून कुणाला सांगणार नाही." साबण गालावरून खाली ओघळला. "मी सांगितलं ना, नाही म्हणून," म्हणाले, आणि दार इतक्या जोरात आपटलं की जिन्याच्या कठड्याला धरून उभं राहावं लागलं.

असं दार आपटणारा माणूस धडधाकट असतो, धाकटे. आजच्यापुरतं तरी.

दादा